कोरलेली गिटार

व्हिएतनामच्या दक्षिण भागांतील गिटार जवळून पाहिली, तर नवख्या माणसाची नजर प्रथम तिच्या दांडीवर खिळते. दोन पडद्यांमधील लांकूड तेथील कारागिरांनीं खोलगट कोरून काढलेलें असतें. कारण साधें आहे. तार पडद्यावर टेकवून सरळ स्वर काढला, एवढ्यानें त्या देशाच्या गाण्याचें भागत नाहीं. स्वर दाबून चढवावा लागतो, डोलवावा लागतो, एकावरून दुसऱ्यावर ओघळूं द्यावा लागतो. बोट लांकडाला टेकलें कीं मग तार दाबण्यास वाव उरत नाहीं. तेथील लोकांनीं परकें वाद्य टाकून दिलें नाहीं, कीं त्याच्यासाठीं आपलें गाणेंही सपाट केलें नाहीं. त्यांनीं लांकूड कोरलें.

व्हिएतनामी गीतें आणि जाझ यांच्या मिलाफाची गोष्ट निघाली, कीं आपल्याकडील रसिक कानांवर हात ठेवितात. त्यांची भीति मला अगदींच खोटी वाटत नाहीं. आपल्या नभोवाणीनें १९४० सालीं पेटीला दार बंद केलें, तें तिच्यांत मींड नाहीं, श्रुति नाहींत, याच आक्षेपावरून. आणि ती बंदी सुमारें तीस वर्षें टिकली. व्हिएतनामी गाण्याची अडचण तर आणखी खोल आहे. त्या भाषेंत उच्चाराचा चढउतार बदलला कीं अर्थच बदलतो. ‘मा’ हें एकच अक्षर निरनिराळ्या स्वरांत उच्चारिलें, तर कधीं भूत, कधीं आई, कधीं भाताचें रोप! तेव्हां वाद्यमेळाच्या सोयीसाठीं चाल सरळ करूं गेल्यास शब्दही हातचा जातो.

हें जोखीम न्गुयेन ले या गिटारवादकानें उचललें. त्याचा जन्म १९५९ सालीं पॅरिस येथें व्हिएतनामी मातापित्यांच्या पोटीं झाला. त्याची सहकारिणी हुओंग थान ही ‘काई लुओंग’ या संगीत नाटकांतील विख्यात गायक हू फुओक यांची कन्या. ती १९७७ सालीं फ्रान्समध्यें आली. या दोघांची ‘टेल्स फ्रॉम व्हिएतनाम’ ही ध्वनिमुद्रिका १९९६ सालीं निघाली. तींतील पहिलें गीत उत्तरेकडील बाक निन्ह प्रांताचें आहे. मुलीनें आपला अंगरखा प्रियकराला देऊन टाकला, आणि घरीं सांगितलें कीं पुलावरून येतांना तो वाऱ्यानें उडवून नेला!

येथें गाणारीनें आपली गायकी सोडलेली नाहीं. वळावें लागलें तें गिटारीला. व्हिएतनाममध्यें ‘दान बाउ’ नांवाचें एकतारी वाद्य आहे. त्याच्या एका टोकाला लवचीक काठी उभी असते. उजव्या हातानें तार छेडावयाची आणि डाव्या हातानें काठी वांकवून स्वर चढवावयाचा वा उतरवावयाचा. विजेच्या गिटारीलाही असाच एक लहान दांडा असतो, आणि न्गुयेन ले त्याचा उपयोग जवळजवळ याच रीतीनें करितो. शिवाय जाझमधील उत्स्फूर्त विस्तार त्या देशाला नवा नाहीं. दक्षिणेकडील घरगुती मैफलींत मूळ चालीपूर्वीं ‘राव’ नांवाची मोकळी आळवणी असते, आणि चालीचा सांगाडा कायम ठेवून प्रत्येक वादक तो आपापल्यापरी भरतो.

सर्वच साधलें आहे असें मी म्हणणार नाहीं. कांहीं ठिकाणीं तालवाद्यांचा गजर मला जास्त वाटला, आणि इटलीच्या पाओलो फ्रेसूची तुतारी गोड असली तरी प्रत्येक वेळीं तिची गरज होतीच असें नाहीं. परंतु ही ध्वनिमुद्रिका मिळाल्यास पहिलें गीत दोनदां ऐकावें: एकदां केवळ आवाजासाठीं, आणि मग गिटार त्या आवाजाला कोठें वाट देते तें पाहण्यासाठीं.