शाळेची घंटा कोणाच्या घड्याळावर?

येळवशीच्या दिवशी आपल्याकडे शाळा भरत नाही. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळा गाव शिवारात असतो. कडब्याची कोप, भज्जी, उंडे, डोक्यावर आंबिलाचे बिंदगे. आपल्या जिल्ह्यात आणि शेजारच्या लातुरात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. मुंबईत नसते, पुण्यात नसते. मंत्रालयातल्या साहेबाला येळवस म्हणजे काय हे बसवून समजावून सांगावे लागेल. तरी सुट्टी मिळते, आणि त्यामुळे राज्याच्या शिक्षणाचा गाडा कुठे अडल्याचे आम्ही ऐकले नाही.

म्हणजे रानातल्या पिकाकडे पाहून शाळेचे वेळापत्रक वाकवता येते. वर्षातून एक दिवस तर येतेच. उरलेल्या दिवसांचे काय, एवढाच या वेळी आमचा प्रश्न आहे.

२०२३ च्या डिसेंबरात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या सकाळच्या वेळा बदलण्याचा विचार करा, असे सुचवले. ८ फेब्रुवारी २०२४ ला शासन निर्णय निघाला. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतरच भरवावेत, असा. दिलेली कारणे वाचण्यासारखी आहेत. जीवनशैली बदलली, रात्री उशिरापर्यंत गोंगाट असतो, आईबाप उशिरा झोपतात म्हणून पोरेही उशिरा झोपतात, थंडीपावसात सकाळी उठवत नाही. यातले काहीच खोटे नाही. शहरात जागेअभावी शाळा दोन पाळ्यांत भरतात, सहा वर्षांचे लेकरू अंधारात बसची वाट पाहत उभे राहते. त्या लेकरासाठी निर्णय चांगला झाला. आमची तक्रार नाही.

पण भूमच्या किंवा लोहाऱ्याच्या वाडीवर हा कागद पोचला तेव्हा गुरुजींनी तो वाचून फाईलला लावला. जिल्हा परिषदेची शाळा मुळातच साडेदहाच्या सुमाराला भरते. तिला नऊच्या आधी भरू नकोस असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला जास्त जेवू नको म्हणून सांगण्यासारखे आहे. आमचे लेकरू थंडीत उठत नाही असेही नाही. पौषात ज्वारी हुरड्यात आली की ते दिवस उगवायच्या आत गोफण घेऊन माळ्यावर चढलेले असते, कारण पाखरे सकाळी आणि मावळतीला उतरतात. ज्याच्या विहिरीला तासभर पाणी आहे, तो बाप रात्रीच्या लाईटच्या पाळीत ज्वारी भिजवून आत्ताच आडवा झालेला असतो. पोराची झोप मोडली आहे खरी, पण ती मोडणाऱ्या कारणांत वीज कंपनीचे वेळापत्रक आहे. ते शासन निर्णयात आलेले नाही.

वर्षभराने दुसरा कागद आला. २०२५ च्या मार्चअखेर उन्हाच्या तडाख्यामुळे राज्यभर एकच वेळ ठरवून दिली गेली : प्राथमिक शाळा सकाळी ७ ते सव्वाअकरा, माध्यमिक ७ ते पावणेबारा. ज्या पोराला नऊच्या आधी शाळेत बोलावणे म्हणजे अन्याय, त्यालाच आता सातला बोलावले. ही विसंगती दाखवून हसणे सोपे आहे. आम्ही हसणार नाही, कारण उन्हाळ्यापुरते सात वाजताच बरोबर आहेत. पत्र्याच्या छताखाली दुपारी एक वाजता पोर बसवून बघावे. मराठवाड्यात मार्च लागला की सकाळची शाळा, ही रीत आमच्या बापांच्या वेळेपासून आहे. ती सुचायला राज्यपातळीवरच्या परिपत्रकाची गरज नव्हती.

कागद पोचतो कसा, हेही सांगायला हवे. रात्री नऊला गुरुजींच्या मोबाईलवर येतो, तिथून पालकांच्या ग्रुपवर जातो. ग्रुपवर असतो बाप, आणि बाप असतो पुण्याला वॉचमन. आई सकाळी साडेसहाला खुरपायला निघालेली. पोर नेहमीप्रमाणे साडेदहाला दप्तर घेऊन जाते आणि पोरे परत येताना त्याला वाटेत भेटतात. पूर्वी दवंडी होती. तिला रेंज लागत नव्हती.

त्याच २०२५ साली वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने, ८ ते २५ एप्रिल अशा ठरल्या. त्यावर बराच आरडाओरडा झाला. एवढ्या उन्हात एप्रिल सरेपर्यंत शाळा कशाला, असे गुरुजी म्हणाले, पालक म्हणाले. आम्हालाही आधी तसेच वाटले. मग आमच्यातल्याच एकाने विचारले, पाडव्याला कारखान्यावरून परतणाऱ्या पोराचे काय? त्याला शाळेत बसायला मिळतो तो एप्रिलच. तो महिना परीक्षेत घालवायचा की त्याला मागचे शिकवण्यात, हे कोण ठरवणार? आम्हाला उत्तर देता आले नाही, आणि या लेखाचे मूळ तिथेच आहे.

कोरडवाहू ज्वारी-कापसाच्या घरात शाळेचे वर्ष आणि शेतीचे वर्ष एकमेकांना नेमके आडवे जातात. दसऱ्यापासून कापूस वेचणीला येतो. बाई मिळत नाही, मिळाली तर किलोमागे मागेल तो दर. मग चौथीतली पोरगी दोन दिवस घरी राहते, पुढे चार दिवस. आम्ही त्याचे समर्थन करत नाही. वेचणीचा खर्च भागेल असा भाव कापसाला मिळाला तर कोणती आई पोरीचे दप्तर खुंटीला लावील? ज्याच्याकडे वेचायलाही काही उरले नाही, तो दिवाळीच्या पुढेमागे उचल घेऊन कोयत्यावर जातो. कळंब, वाशी, भूम, परंड्याची माणसे बिऱ्हाडासह पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. पोर बरोबर जाते. परत येते तेव्हा होळी उलटलेली असते. शाळेच्या दहा महिन्यांतले चार-पाच असे गेले. हजेरीपटावर ते पोर असते. कधी कधी हजरसुद्धा असते.

यावर योजना नाहीत असे कोणी म्हणू नये. गावातच पोर ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे आहेत. २०२१ साली संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजना झाली, त्यात आपला जिल्हा आहे. पोर कितपत शिकले हे लिहून दुसऱ्या गावच्या शाळेसाठी सोबत द्यायचे शिक्षण हमी पत्रकही आहे. कागद सगळे आहेत. पण हंगामी वसतिगृहाच्या मंजुरीचा कागद हातात पडेपर्यंत टोळीचा ट्रक कारखान्याच्या तळावर पोचलेला असतो, असे आम्ही एकापेक्षा जास्त वर्षे पाहिले आहे. मुकादमाला उचल वाटायची तारीख कळते. ती सरकारी टेबलाला का कळत नाही?

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सगळ्यांनी ऐकलेला आहे, पण त्यातले ९ वे कलम फार कोणी वाचत नाही. त्यात स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये सांगितली आहेत. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे हे त्यातले एक, आणि शेवटचे आहे शैक्षणिक दिनदर्शिका ठरवणे. स्थानिक प्राधिकरण म्हणजे जिल्हा परिषद, नगर परिषद, पंचायत. म्हणजे शाळा केव्हा लागावी, सुट्ट्या कोणत्या महिन्यात असाव्यात हे ठरवण्याचे काम कायद्याने जिल्ह्यातल्या लोकांकडे दिलेले आहे. कायद्याला हवेत पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२०. ते कोणते, हे पिकाकडे आणि आभाळाकडे पाहून जिल्ह्याला बसवता येते. आपण ते बसवत नाही. पुण्याहून यादी येते, ती टाचून घेतो, येळवस तेवढी त्यात जोडतो.

अमेरिकेचे दाखले ऐकून तुम्ही कंटाळला असाल, पण हा आपल्या कामाचा आहे. तिकडे शाळा चालवायला गावोगावी वेगळी मंडळे असतात, त्यांना शाळा-जिल्हा म्हणतात. हिवाळ्यात बर्फाचे वादळ येणार असले की उद्या शाळा बंद ठेवायची, दोन तास उशिरा भरवायची की चालू ठेवायची, हे त्या मंडळाचा प्रमुख स्थानिक रस्ते पाहून पहाटे ठरवतो. राजधानीला विचारत नाही. मेन नावाच्या राज्यात उत्तर टोकाला अरुस्तूक हा बटाट्याचा मुलूख आहे. तिथल्या शाळा ऑगस्टमध्येच सुरू करून पुढे बटाटा काढणीच्या वेळी दोन-तीन आठवडे सुट्टी द्यायची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली. यंत्रे आल्यावर ती कमी झाली, तरी सगळी मोडली नाही. एवढ्या पुढारलेल्या देशात शाळा शेतकऱ्याच्या पिकासाठी थांबते, आणि त्याला कोणी मागासलेपणा म्हणत नाही.

राहिला पडदा. म्हणजे डिजिटल शाळा.

आम्ही यंत्राच्या विरोधात कधीच नव्हतो. बियाण्यात आम्हाला नवे तंत्र हवे असते, मग शाळेत का नको? ठाणे जिल्ह्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेचे नाव गाजले, २०१५ च्या जूनमध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम निघाला, आणि गावोगाव डिजिटल वर्गाची लाट आली. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापत होते. मोबाईल त्यावर धरला की धडा बोलू लागायचा. २०२० च्या डिसेंबरात त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. जिल्हा परिषदेच्या शाळेतला माणूस हे करू शकतो. ज्यांना झेडपीची शाळा म्हटले की नाक मुरडायची सवय आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता दुसरी शाळा पाहा. आपल्याच जिल्ह्यातली आहे, नाव सांगत नाही, कारण चूक त्या गावाची नाही. लोकवर्गणीतून मोठा टीव्ही घेतला. पैसे नव्हते त्यांनी ज्वारी दिली, कोणी पायलीने, कोणी पोत्याने. उद्घाटनाला साहेब आले, फोटो निघाला. दोन वर्षांनी आम्ही गेलो तेव्हा टीव्हीवर फुलाफुलाची चादर घातलेली होती. मीटर काढून नेले होते. बिल थकले होते, कारण ते कोणी भरायचे याचा कागद कोणाकडेच नव्हता. ग्रामपंचायत म्हणते शाळेने, शाळा म्हणते आमच्या अनुदानात ते बसत नाही. बाई घरून मोबाईल चार्ज करून आणतात आणि तळहाताएवढ्या काचेवर एकोणीस पोरांना पाठ दाखवतात. पोरे एकमेकांच्या खांद्यावरून पाहतात. मागच्याला नुसता आवाज.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला २०२४ पासून मोफत वीज जाहीर झाली. पूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेला दुकानाच्या दराने बिल यायचे, नंतर सार्वजनिक सेवांसाठी वेगळा दर आला. दर बदलला तरी भरणारा हात ठरला नाही, तर मीटर जातेच. टीव्ही द्यायला वर्गणी मिळते, दर महिन्याचे बिल भरायला कोणी हार घेऊन येत नाही.

आणि वीज असली तरी पडदा म्हणजे शाळा नव्हे, हे २०२० च्या मार्चनंतर आपण पाहिलेच. घरात एक मोबाईल, तो बापाबरोबर रानात. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरची टिलीमिली ही मालिका त्या काळात ज्या घरात टीव्ही होता तिथे अधिक उपयोगाची ठरली. पैसेवाल्यांचेही फार वेगळे नाही. १३ फेब्रुवारी २०२४ ला बर्फामुळे न्यूयॉर्क शहराने शाळा बंद ठेवून मुलांना घरून पडद्यावर शिकवायचे ठरवले. नऊ लाखांच्या आसपास विद्यार्थी. सकाळी सगळे एकदम आत शिरू लागले आणि अनेकांना दारच उघडेना. मग आमच्या वाडीवर रेंज नाही याची लाज कशाला वाटावी?

ऊसतोडीच्या तळावर गेलेल्या पोराला क्यूआर कोडचा उपयोग होईल का? थोडा होईल. मोबाईल आता कोपीतही आहे. पण पहाटे चारला आईबाप फडात गेल्यावर धाकट्याला सांभाळणाऱ्या दहा वर्षांच्या पोरीला धडा दाखवून भागत नाही, तिला त्या वेळी गावच्या शाळेत असायला हवे. ते वसतिगृहाने होईल, आणि ते ट्रक निघायच्या आत उघडले तर होईल.

तेव्हा भावांनो आणि मायबहिणींनो, जिल्हा बैठकीला येताना नुसत्या तक्रारी आणू नका. प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे कायदा सांगतो. तुमच्या गावच्या समितीत कोण आहे आणि शेवटची बैठक केव्हा झाली, ते रजिस्टरवरून उतरवून आणा. शाळेच्या वीजबिलाची झेरॉक्स आणा, मीटर नसेल तर किती दिवसांपासून नाही ते लिहून आणा. मागच्या दिवाळीनंतर गावातली किती पोरे आईबापांबरोबर कोयत्यावर गेली, मुले किती, मुली किती, टोळी कोणत्या तारखेला निघाली, हे मोजून आणा. मोजायला मुकादमाला विचारायला हरकत नाही, त्याचा हिशेब सरकारपेक्षा पक्का असतो. आठही तालुक्यांचे आकडे एका कागदावर घेऊन आपण जिल्हा परिषदेत जाऊ आणि ९ व्या कलमाप्रमाणे पुढच्या वर्षाची दिनदर्शिका कोण, कधी, कोणाला विचारून ठरवणार आहे ते लेखी मागू. वसतिगृहाच्या मंजुरीची तारीख त्याच कागदावर मागायची आहे, आणि ती दसऱ्याच्या आतली हवी.