कचऱ्याला नियम, दुरुस्तीला पोर्टल

गेल्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीचा विजेवर चालणारा दात घासण्याचा ब्रश बंद पडला. एवढ्याशा गोष्टीवर प्रशासनातल्या माणसाने लेख का लिहावा, असे कोणी विचारील. ताईला संधिवात आहे. बोटे नीट मिटत नाहीत, त्यामुळे साधा ब्रश धरून मनगट फिरवणे तिला जमत नाही. या जाड दांड्याच्या ब्रशामुळे ती कोणाच्या मदतीवाचून दात घासू शकते. म्हणून तो बंद पडणे ही आमच्या घरात किरकोळ बाब नव्हती.

ब्रशाला तिसरे वर्ष चालू होते. मोटर ठीक होती, पण रात्रभर चार्ज करूनही तो अर्ध्या मिनिटात मान टाकी. दोष बॅटरीचा, हे उघड होते. दिल्लीतल्या सेवा केंद्रात गेलो. काउंटरवरच्या तरुणाने नम्रपणे सांगितले की हे उपकरण दुरुस्त होत नाही, बॅटरी सुटी मिळत नाही. जुने जमा करा, नव्यावर सूट घ्या. घरी येऊन माहितीपुस्तिका काढली. शेवटच्या पानांवर दांडा उघडून बॅटरी कशी काढावी याची चित्रे होती. मात्र ही कृती उपकरण टाकून देण्यापूर्वीच करावी आणि केल्यावर ते निकामी होईल, अशी ताकीदही होती. म्हणजे दांडा उघडतो, हे उत्पादकाला ठाऊक आहे. त्याने आपल्याला तिरडी बांधण्याची कृती दिली आहे, औषधाची नाही.

लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटमध्ये एका कारागिराकडे ब्रश नेला. तो उलटसुलट पाहून म्हणाला, "सर, ये खोलने के लिए बनाया ही नहीं है." आणि दहा मिनिटांत त्याने तो उघडला. बुडाचे झाकण फिरवून काढले, आतला सांगाडा हळूच बाहेर ओढला. आत होते काय? तांब्याच्या तारेचे एक वेटोळे, ज्यात चार्जिंगच्या बैठकीतून तारेच्या जोडणीविना वीज येते; एक छोटी पट्टी, एक मोटर, पाणी अडवणारी रबराची रिंग आणि एक निकेल-मेटल हायड्राइड सेल. १.२ व्होल्टचा, भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या आकाराचा. हा सेल कोठल्याही बाजारात मिळतो. फरक एवढाच की येथे तो धातूच्या पत्रींनी पट्टीला सोल्डर केलेला होता. कारागिराने पत्री लावलेलाच नवा सेल निवडला, कारण सेलच्या अंगावर थेट सोल्डरिंग केले तर उष्णतेने तो बिघडतो. धन-ऋण टोके तपासून जोड दिले, रिंगेला सिलिकॉनचे ग्रीस लावले, झाकण बसवले आणि ब्रश पाण्याच्या भांड्यात धरून चालवून दाखवला. सेलचे १२० रुपये, मजुरीचे १५०. नवा ब्रश २,८०० रुपयांना होता.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. या ब्रशाच्या बाबतीत शासन काय करते? तो मेल्यावर पुष्कळ करते. २२ ऑगस्ट २०२२ रोजी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम अधिसूचित झाले. त्याच वर्षी ई-कचऱ्याचे नवे नियम झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. उत्पादकाने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी, पुनर्चक्रणाची उद्दिष्टे गाठावीत, विवरणपत्रे भरावीत, न केल्यास पर्यावरणीय भरपाई द्यावी, अशी सारी व्यवस्था त्यांत आहे. ती चांगलीच आहे. पण आतली बॅटरी ग्राहकाला किंवा गल्लीतल्या कारागिराला बदलता आली पाहिजे, असे बंधन त्यांत नाही.

दुरुस्तीसाठी काय आहे? ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल व टॅबलेट, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि मोटारी ही चार क्षेत्रे निवडली. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू केले. पुढे दुरुस्ती-सुलभतेचा निर्देशांक ठरवण्यासाठी २०२४ मध्ये आणखी एक समिती झाली आणि २०२५ मध्ये तिने अहवाल दिला. हा प्रवास मी कमी लेखत नाही. पण कचऱ्याच्या बाबतीत आपण 'करावे लागेल' म्हणतो आणि दुरुस्तीच्या बाबतीत 'कळवावे ही विनंती' म्हणतो. ज्याला ताकद द्यायची त्याला नियम आणि ज्याची बोळवण करायची त्याला पोर्टल, ही आमच्या कचेऱ्यांची जुनी रीत आहे. ती मी आतून पाहिलेली आहे.

उत्पादकांचे दोन आक्षेप नेहमीचे आहेत. पहिला सुरक्षिततेचा: पाणी आत जाईल, लिथियमचा सेल पेट घेईल. हा आक्षेप खोटा नाही. लिथियमचा सेल चुकीचा जोडला तर धोका आहेच. पण मग सेलचा प्रकार लपवून धोका कमी होतो की वाढतो? कारागिराला अंदाजाने काम करायला लावणे हीच सर्वांत असुरक्षित गोष्ट आहे. युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरी विनियमात या आक्षेपाचा विचार केला आहे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता व बदलता आली पाहिजे, असा तेथला नियम आहे. पाण्यात वापरायच्या व धुवायच्या उपकरणांना सुरक्षिततेसाठी आवश्यक असेल तर सूट आहे. पण ती मर्यादित आहे. घरी नाही तरी स्वतंत्र व्यावसायिक कारागिराला बॅटरी बदलता आलीच पाहिजे. म्हणजे सूट मिळूनही 'हे दुरुस्त होत नाही' असे म्हणण्याची मुभा नाही.

दुसरा आक्षेप, हे मूठभर सुखवस्तूंचे दुखणे आहे. दाढीचा ट्रिमर, कानात घालायचे इअरबड, वीज गेल्यावर लावायचा दिवा, शेतकऱ्याची चार्जिंगची बॅटरी, म्हणजे टॉर्च, या सर्वांत हाच प्रकार आहे. सेल दमला की सारी वस्तू भंगारात. ज्याला नवी घेणे जड जाते त्यालाच हा भुर्दंड अधिक बसतो.

आणि हा केवळ सोयीचा नव्हे, न्यायाचाही प्रश्न आहे, हे आपल्याकडे पूर्वीच मान्य झालेले आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांविरुद्ध निर्णय दिला. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना न देणे हा प्रभुत्वाचा गैरवापर आहे, असे आयोगाने म्हटले. जे गॅरेजवाल्याला लागू, ते लाजपतराय मार्केटमधल्या कारागिराला का नको?

नवा कायदा लागेल, संसदेची वाट पाहावी लागेल, असे सांगून विषय टाळला जातो. मला ते पटत नाही. वेष्टनावर किंमत, उत्पादकाचे नाव, तक्रारीसाठी संपर्क छापण्याची सक्ती ज्या २०११ च्या वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियमांनी होते, ते नियम ग्राहक व्यवहार विभागाकडेच आहेत. भारतीय मानक ब्युरोही त्याच विभागाखाली आहे. तेव्हा तीन गोष्टी आज करता येतील. एक, वेष्टनावर व उपकरणावर आतल्या सेलचा प्रकार, आकार व व्होल्टेज छापणे आणि तो बदलता येतो की नाही हे ठळक लिहिणे. दोन, मानकात अशी अट घालणे की सेल साध्या हत्यारांनी निघावा; पाण्यातल्या उपकरणांत निदान जाणकार कारागिराला तो काढता यावा. तीन, पाणी अडवणारी रिंग आणि उघडण्याची कृती विक्री बंद झाल्यावरही ठरावीक वर्षे उपलब्ध ठेवणे. पहिल्या गोष्टीला तर राजपत्रातील एक दुरुस्ती पुरेशी आहे.

कल्हईवाला, छत्री नीट करणारा, जात्याला टाकी लावणारा आपल्या दारावरून गेला तो काळाच्या ओघात गेला, असे आपण म्हणतो. आज मोबाइलच्या दुकानात बसलेला कारागीर मात्र काळाच्या ओघात जाणार नाही. त्याला झाकण चिकटवून, भाग रोखून घालवले जाईल, आणि आपण त्या वेळी पुनर्चक्रणाची विवरणपत्रे तपासत असू.

ताईचा ब्रश चालू आहे. पण तिच्या भावाला दिल्लीत कोठे जावे हे ठाऊक होते, म्हणून तो चालू आहे. ज्याच्या गावाजवळ असा बाजार नाही, त्याच्यासाठीच नियम असतात.