संत तेरेजाचे आजोबा



15 ऑक्टोबरला आविलाच्या संत तेरेजाचा सण. त्यानिमित्त धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही तिचे चरित्र सांगायला घेतले होते. त्याच आठवड्यात रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर एक बोलणे कानी पडले. एका मुलीला स्थळ आले होते. मुलगा भाविक, नोकरीला, गायनवृंदात गाणारा. तरी तिच्या घरचे एक वडीलधारे हळूच विचारत होते, "पण बाप्तिस्म्याआधी ते मूळचे कोण?" आम्ही शेजारीच उभे होतो आणि गप्प राहिलो. ते गप्प राहणे मनाला लागले, म्हणून हे लिहीत आहोत.

हाच प्रश्न एके काळी स्पेनमध्ये नियम होऊन बसला होता. 1449 साली टोलेडो शहराने ठरवले की, यहुदी घराण्यातून आलेल्या 'नव्या ख्रिस्ती' लोकांना अधिकाराची पदे द्यायची नाहीत. पोप निकोलस पाचवे यांनी त्याच वर्षी या नियमाचा निषेध केला. तरी रक्तशुद्धीचे हे खूळ वाढतच गेले, आणि 1547 मध्ये टोलेडोच्या कॅथेड्रलनेच ते स्वीकारले. त्याआधी, 31 मार्च 1492 रोजी, यहुद्यांनी चार महिन्यांत देश सोडावा असे राजाराणीचे फर्मान निघाले होते. बाप्तिस्मा घेतला त्यांना राहता आले, पण संशयातून त्यांची सुटका झाली नाही.

तेरेजाचे आजोबा हुआन सांचेझ हे टोलेडोचे कापडाचे व्यापारी. ते नवे ख्रिस्ती होते. गुपचूप यहुदी धर्म पाळल्याबद्दल 1485 मध्ये इन्क्विझिशनने त्यांना शिक्षा केली. अपमानाचा झगा अंगावर घालून त्यांना शहरातल्या चर्चेसपुढून मिरवणुकीने चालावे लागले. पुढे ते कुटुंब आविलाला जाऊन राहिले. तिथे 1515 साली तेरेजा जन्मली. तिने काढलेल्या मठांत कुळाचा दाखला मागितला जात नव्हता. जिचे घराणे मोठे तिने बापाचे नाव कमी घ्यावे, इथे सगळ्या समान, अशी तिची शिकवण होती. 1970 मध्ये ख्रिस्तसभेने तिला धर्मपंडिता ही पदवी दिली. जिच्या घराण्यावर डाग होता तीच आज सगळ्यांची गुरू आहे.

दुसरी गोष्ट आपल्या जवळची, गोव्याची. पणजीच्या चर्च चौकातल्या बागेला गार्सिया द ऑर्ता यांचे नाव आहे. त्यांचे आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले यहुदी. ते पोर्तुगालला गेले आणि तिथे ख्रिस्ती झाले. ऑर्ता वैद्य होऊन 1534 मध्ये गोव्याला आले. आपल्याकडची झाडपाल्याची औषधे त्यांनी इथल्या वैद्यांकडून समजून घेतली आणि 1563 साली गोव्यातच त्यावर ग्रंथ छापला. 1568 मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या बहिणीला इन्क्विझिशनने जिवंत जाळले. 1580 मध्ये ऑर्तांची हाडेसुद्धा उकरून जाळली. आईबापांचा देश सुटला, आणि मुलाला कबरही राहू दिली नाही.

कोणी म्हणेल, आपल्याच घरची उणी चव्हाट्यावर का मांडता? पण 12 मार्च 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये भर मिस्सेत ख्रिस्तसभेच्या पुत्रांच्या पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. त्यांना त्याची लाज वाटली नाही, मग आपल्याला का वाटावी? आपला प्रभूही तान्हेपणी आईच्या कुशीत मिसरला परागंदा झाला होता, हे तरी आपण कसे विसरावे?

देशातून घालवणे राजाच्या हाती असते. पण सोयरीक मोडून, बाकावर सरकून बसून, संघाच्या निवडणुकीत नाव वगळून माणसाला घालवणे आपल्यालाही जमते. बाप्तिस्म्याच्या पाण्याने माणूस नवा होतो असे आपण मानत असू, तर त्याआधी तो कोण होता हे विचारणे म्हणजे त्या पाण्यावरच अविश्वास दाखवणे नव्हे काय?

या वर्षी वर्गात आम्ही मुलांना तेरेजाच्या दर्शनांबरोबर तिच्या आजोबांचीही गोष्ट सांगणार आहोत. आणि पायऱ्यांवर तो प्रश्न पुन्हा ऐकू आला, तर उत्तर देणार आहोत: "मूळचे? देवाचे."

हे प्रभू, ते उत्तर वेळेवर देण्याचे धैर्य आम्हांला दे. आमेन.