भंगारात निघालेल्या लेथचा कैवार

औंढा नागनाथच्या परिसरात गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहावयाची आहे, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले आहेत, आणि चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या अंशाहूनही सूक्ष्म पडणारा फरक तेथे टिपावयाचा आहे. अशा तालुक्यात जुने लेथ दुरुस्त करून पोरांच्या हाती कानस देणे हे कालबाह्य वेड होय, असा एक आक्षेप सुशिक्षितांकडून घेतला जातो. यंत्र आता संगणक चालवितो; तेव्हा अचूकपणा यंत्राने आणावा व मनुष्याने कळ दाबावी, हे या पूर्वपक्षाचे सार.

परंतु यंत्राच्या अंगी तो अचूकपणा आला कोठून, याची शहानिशा आक्षेपक करीत नाहीत. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४० मध्ये विद्वत्सभेपुढे मांडलेल्या रीतीत एका लोखंडी पाटावर रंगाचा पातळ लेप देऊन त्यावर दुसरा पाट फिरवितात, आणि रंग उमटेल तेवढाच उंचवटा हाताने खरवडून काढतात. दोनच पाट घेतले तर एक फुगीर व दुसरा खोलगट असूनही ते एकमेकांवर चपखल बसतील. म्हणून तिसरा साक्षीला घ्यावा लागतो, आणि तिन्ही परस्परांशी जुळले म्हणजेच तिन्ही सपाट ठरतात. सपाटीचा हा दाखला कोणत्याही यंत्राने नव्हे, हातानेच दिला.

जुन्या लेथवर काम करणाऱ्याला हीच तालीम मिळते. काम पकडणाऱ्या चकाजवळ सॅडल, म्हणजे हत्यार वाहणारा सरकता भाग, सैल लागला म्हणून त्याची फट भरणारी पट्टी, म्हणजे गिब, आवळावी, तर दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे जाताच तोच सॅडल अडतो. कारण बहुतेक काम चकाजवळ झाल्याने, ज्यावर सॅडल सरकतो त्या बेडची झीज तेथेच अधिक झालेली असते. गिब आवळणारा तो कारागीर. झीज ओळखणारा तो कारागीरही आणि तर्कशास्त्रीही!

हस्तकौशल्य हे नापासांचे आश्रयस्थान, हा दुसरा आक्षेप तर उत्तरासही पात्र नाही. चित्रकला शिकलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर सायकलींच्या दुकानापासून लोखंडी नांगरापर्यंत पोहोचले आणि १९१० मध्ये त्यांनी औंध संस्थानात कारखाना वसविला. (हे औंध साताऱ्याकडचे, आमच्या औंढ्याशी त्याचे नाते नामसादृश्यापुरतेच.)

उत्पादनाच्या वेगात जुना लेथ हरेल, हे निर्विवाद. उघड्या गिअरांवर जाळी बसविल्याखेरीज तो पोरांच्या स्वाधीन करू नये, हेही खरे. पण येथे हेतू उत्पादनाचा नसून शिक्षणाचा आहे. वेधशाळेच्या प्रचंड निर्वात नळ्यांचा सांधा किंचितही गळून चालणार नाही. तसे सांधे जोडणारे हात याच तालुक्यात तयार झाले नाहीत, तर येथील पोरांच्या वाट्याला दारावरचा पहाराच येईल.

म्हणून ज्या संस्थांच्या आवारात जुने लेथ गंजत पडले आहेत, त्यांनी ते वजनावर लिलावात काढण्यापूर्वी जाणत्या फिटरकडून बेड एकवार तपासून घ्यावा, आणि दुरुस्तीजोगा असल्यास तो शिकाऊ मुलांकडे सोपवावा, एवढीच विनंती.