धामणीवर काठी उगारण्यापूर्वी



ऊसतोड सुरू झाली की फडात एक ओरड हमखास ऐकू येते, "हान रे, धामन व्हय!" पाचटातून निघालेले जनावर बांध ओलांडण्याच्या आत ठेचले जाते. यात मरते धामण, पण बुडतो आपण, हे बार्शीटाकळी भागातील सभासदांपुढे मांडणे आम्हांस जरूर वाटते.

धामण पूर्ण बिनविषारी आहे. दोन मीटरच्या पुढेही वाढते, म्हणून माणूस भितो. ती दिवसा फिरते, बिळात शिरते आणि बांधावरच्या बाभळी-निंबावरही सफाईने चढते. बेडूक, सरडे, पाखरांची पिले खाते. पण तिचे आवडते खाणे उंदीर-घुशी. हेच उंदीर आपला ऊस बुडाशी कुरतडतात. मग ऊस लोळतो, सडतो, वजन घटते. मांजर बिळात जात नाही, धामण जाते. असा बिनपगारी रखवालदार आपणच मारावा काय?

"ढोराच्या पायाले येटा घालून दूध पेते," असे सांगतात. सापाला दूध चोखताच येत नाही. त्याचे बाकदार दात सडाला लागले तर ढोर उभे राहील का? तिच्या शेपटीत काटा नाही. ती नागाची मादीही नव्हे. नागाची मादी नागीणच. दोन धामणी पिळा घालून उभ्या राहतात, ती दोन नरांची कुस्ती असते.

धामणीला फणा नसतो, डोळे मोठे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा. तरीही ओळख पटेना तर सापाला हात लावू नका. सर्पमित्रास किंवा वनखात्यास कळवा. साप चावल्यास मांत्रिकाकडे वेळ न घालवता सरकारी दवाखाना गाठा.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने धामणीस संरक्षण आहे. तामिळनाडूतील इरुळा लोक पूर्वी कातड्यासाठी साप मारीत. तो धंदा बंद झाल्यावर १९७८ साली त्यांची सहकारी संस्था निघाली. ते विषारी साप धरतात, औषधासाठी विष काढतात आणि साप पुन्हा सोडतात. सहकारातून त्यांना हे जमले, मग आपणांस का जमू नये?

आमची विनंती एवढीच. तोड एका बाजूने सुरू करा, दुसरी बाजू मोकळी ठेवा आणि मुकादमास तसे बजावून सांगा. वाट मिळाली की धामण आपल्या पायाने नव्हे, पण आपल्या मर्जीने निघून जाईल, आणि पुढच्या लागणीला उंदरांवर पहारा द्यायला शिवारातच राहील.