'कन्फर्म्ड फीमेल' पाहिजे? मग आधी कात दाखवा!

टॅरेंटुला पाळणाऱ्या जमातीत पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मेल की फीमेल?" जात कुठली, आला कुठून, जंगलातून उचललेला की घरी पैदास केलेला, हे सगळं नंतर. आणि मादी म्हटली की भाव वर. माझं म्हणणं सरळ आहे मंडळी: कोळ्याचं लिंग जरूर ओळखा, पण मादीसाठी एक रुपयाही जास्त मोजू नका.

आधी बेसिक फंडा. कोळ्याचा सांगाडा बाहेरून असतो, म्हणून वाढायचं तर जुनं कवच टाकावंच लागतं. टॅरेंटुला त्यासाठी चक्क उताणा पडतो (नवशिके मालक 'मेला' समजून हातपाय गाळतात :)) आणि काही तासांत नवा कोरा होऊन बाहेर येतो. पण फक्त बाहेरची कात निघत नाही. श्वसनाच्या अवयवांचं अस्तर निघतं, आणि मादीमध्ये शुक्राणू साठवायच्या पिशवीचं अस्तरही निघतं. त्यामुळे मिलन झालेल्या मादीनं कात टाकली की साठाही गेला. पुन्हा नर शोधा!

लिंग ओळखायची किल्ली हीच. पोटाकडची चुरगळलेली कात कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकून भिजवायची, बारीक ब्रशने हळूच उलगडायची आणि आतली बाजू भिंगातून बघायची. चार पांढरट ठिपके दिसतात, ती फुप्फुसं. वरच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध आडवी खाच असते. तिच्या लगेच वर पिशवी किंवा पडद्यासारखी घडी दिसली तर मादी. खर्च शून्य, कोळ्याला त्रास शून्य.

आता गोची. घडी दिसली तर मादी, हे पक्कं. नाही दिसली तर? बहुतेक नर... किंवा कात फाटली, किंवा पिल्लू इतकं लहान की मायक्रोस्कोपशिवाय काही कळणारच नाही. काही नरांमध्येही त्या जागी फसवी रचना असते. कोड लिहिणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको: if मध्ये नाही बसलं म्हणून else मध्ये ढकलणं म्हणजे बग. बाजारात तर याहून भारी प्रकार चालतो. कात बघतच नाहीत, पोटाचा फोटो बघून 'कन्फर्म्ड' लिहितात.

आमच्या जालना एमआयडीसीत सळया आणि बियाण्यांपलीकडे काही घडत नाही असा लोकांचा समज आहे. तिथल्याच एका रोलिंग मिलच्या ऑफिसात ईआरपी सांभाळणाऱ्या मित्राने अशीच एक 'कन्फर्म्ड फीमेल' ऑनलाइन मागवली. दुप्पट पैसे. पुरावा? एक धूसर फोटो. दोन काती पडल्या, दुसऱ्या कातीनंतर पुढच्या पायांवर आकडे आणि तोंडाजवळच्या छोट्या पायांच्या टोकाला फुगीर बोंडं! म्हणजे वयात आलेला नर. विकणाऱ्याने फोन उचलला नाही, हे सांगायलाच नको.

पण फसवणूक हा लहान मुद्दा आहे. मोठा मुद्दा जंगलातला. वयात आलेला नर मादी शोधत भटकतो आणि बहुधा वर्ष-दीड वर्षात मरतो. मादी तिच्या ढोलीत किंवा बिळात राहते. काही जातींत वीस वर्षांहून जास्त. म्हणजे शोधणाऱ्याला ती सोपी सापडते, आणि ती उचलली की पुढच्या कित्येक वर्षांची पिल्लं गेली. मादीला जास्त भाव देणं म्हणजे नेमकं जिथे नुकसान सर्वात जास्त, तिथेच बक्षीस लावणं!

हे आपल्याच देशात घडू शकतं. निळाशार पोसिलोथेरिया मेटॅलिका १८९९ मध्ये पोकॉकने आंध्रातल्या गुत्तीच्या नमुन्यावरून नोंदवला. त्यानंतर तो जंगलात पुन्हा सापडला थेट २००१ मध्ये. आज तो अतिसंकटग्रस्त आहे, आणि जगभरच्या हौशी लोकांच्या डब्यात मात्र आहे. २०१९ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत पोसिलोथेरिया साइट्सच्या परिशिष्ट २ मध्ये गेला. उलटी वाहतूकही आहेच. जुलै २०२१ मध्ये चेन्नईत कस्टम्सने पोलंडहून आलेलं पार्सल उघडलं, आत १०७ कुप्यांमध्ये जिवंत कोळी. १ एप्रिल २०२३ पासून वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती लागू आहे, आणि साइट्सच्या यादीतला प्राणी बाळगायचा तर नोंद करावी लागते. 'कुरिअरने आला' हे उत्तर चालत नाही.

आता तुम्ही म्हणाल, "अरे, नर दोन-चार वर्षांत मरणार, मग मादी मागितली तर चुकलं काय?" इच्छा रास्त आहे. पण मला सांगा, दर दोन वर्षांनी कंपनी बदलणारे, आज पुणे, उद्या बंगलोर, परवा ऑनसाइट असे आपण लोक, वीस वर्षं जगणारा प्राणी कोणाच्या भरवशावर घेतोय? आईच्या? तिला विचारलंय का?

आणि मराठवाड्यात 'लिंगनिदान' हा शब्द हसत उच्चारता येत नाही. २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. कोळ्याची आणि माणसाच्या लेकीची तुलना मी करत नाहीये, प्लीज. पण एक गोष्ट आपल्या भागाने पुरेपूर पाहिली आहे. आत काय आहे ते यंत्र फक्त दाखवतं, विध्वंस करतो तो त्या उत्तराला आपण चिकटवलेला भाव. इकडे भाव मादीला आहे आणि नको असलेला नर, एवढाच फरक.

तर घ्यायचाच असेल तर घरी पैदास झालेलं, कागदपत्रं असलेलं पिल्लू घ्या, लिंग न विचारता. लहानपणी ते वर्षात अनेकदा कात टाकतं. प्रत्येक कात जपून ठेवा, तारीख लिहा, भिजवा, बघा. कधीतरी उत्तर मिळेल, आणि ते तुमचं स्वतःचं असेल. कुणी 'कन्फर्म्ड फीमेल' म्हणून जादा पैसे मागितले तर एवढंच म्हणा: कात दाखव. दाखवली तरी भाव तोच!

असो. भिंग दीडशे रुपयांत मिळतं. मादीच्या जादा भावापेक्षा स्वस्तच आहे.