माफ करायची ती आपली बाकी, मजुराची नव्हे



आपल्या बेळगावच्या धर्मग्रामांत हाताला कसब असलेली माणसे पुष्कळ आहेत. कोणी उद्यमबागेत लेथवर जॉबवर्क करतो, कोणी मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली वायरिंग किंवा रंगकाम घेतो. काम वेळेवर होते, पैसे मात्र ‘वरून आले की देतो’ या शब्दावर अडकून पडतात. दाद मागायचा विषय निघाला की आपल्यातलेच कोणी म्हणते, ‘ख्रिस्ती माणसाने सोडून द्यावे.’

आम्हाला हे पटत नाही. अडकलेल्या बिलात हाताखालच्या मुलांची मजुरीही असते. आपला नफा आपण सोडू शकतो, त्यांची मजुरी माफ करणारे आपण कोण? मजुराचा रोज रात्रभरही अडवून ठेवू नये, ही लेवीय पुस्तकातली आज्ञा आहे. पौलाने करिंथच्या मंडळीला आपापसांतल्या खटल्यांबद्दल खडसावले, हे खरे. पण त्याच पौलाने अन्याय होताना कैसराकडे दाद मागितली. मत्तयाच्या १८ व्या अध्यायात प्रभूने क्रमही घालून दिला आहे: आधी एकट्याने बोला, मग एकदोघांना सोबत न्या, मग मंडळीला सांगा. एवढे करूनही भागले नाही, तर कायद्याकडे जाण्यात पाप नाही.

मात्र तयारी आधीपासून हवी. वर्क ऑर्डर, सही घेतलेले चलन आणि बिल जपून ठेवा. अशा बाकीचा दावा साधारणपणे ३ वर्षांत लावावा लागतो. ती मुदत संपण्याआधी समोरच्याने बाकी सहीनिशी कबूल केली, तर मुदत नव्याने मोजली जाते.

‘उद्यम’ नोंदणी मोफत होते. ती काम घेण्याआधीच करा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या तारखेला द्यावे लागतात, आणि ती तारीख ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. तक्रार सुविधा परिषदेकडे करता येते. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर देणेकऱ्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. बांधकामात माल आणि मजुरी एकत्र असलेल्या कंत्राटांना हा कायदा लागत नाही, असे काही उच्च न्यायालयांनी म्हटले आहे. तेथे दिवाणी दाव्याचा मार्ग वकिलाला विचारावा.

चेक परत आला, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्या. ती मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार करता येते. या तारखा चुकवू नका.

शेवटी दोन गोष्टी. आपल्यात शिकलेली, अर्ज भरता येणारी मंडळी आहेत. रविवारच्या मिस्सानंतर त्यांनी अशा भावांसाठी तासभर द्यावा. आणि आपल्यातले जे स्वतः ठेकेदार आहेत, त्यांनी वेदीसमोर येण्याआधी कोणाचे बिल आपल्याकडे अडकले आहे ते आठवावे. दानपेटीत टाकण्याआधी ते चुकते करावे.